जीआरईच्या मॉकमधला स्कोअर किती खरा धरायचा?

जीआरई ही परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा. तिच्या मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, 320 आले म्हणून 320 धरूनच विद्यापीठांची यादी करायला घेऊ नका. ती मॉक कोणाची होती, कशी दिली आणि त्यातले प्रश्न आधी पाहिलेले होते का, हे कळल्याशिवाय त्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. या तिन्ही गोष्टी चोख असल्या तरी 320 हा ठाम आकडा नसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडावीच लागते.

किती जागा सोडायची?

व्हर्बल (इंग्रजी भाषा) आणि क्वांट (गणित) दोन्हींचा स्कोअर 130 ते 170 मध्ये असतो आणि 320 ही त्या दोन्हींची बेरीज. तयारी तीच राहिली तरी दुसऱ्यांदा परीक्षा दिल्यावर प्रत्येकात साधारण 2 गुण इकडेतिकडे होतात. ओळखीचे शब्द किती आले, भूमितीचे प्रश्न किती पडले, एवढ्यानेही फरक पडतो. ही हालचाल मॉकमध्ये असते तशी खऱ्या परीक्षेतही असते. त्यामुळे दोन्हींमधला फरक एका विषयात 3 च्या आणि बेरजेत 4 च्या आसपास जातो. मॉकला 320 असतील तर तीनपैकी दोन वेळा प्रत्यक्षात 316 ते 324 मिळतील, तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर. पाच मॉकमधला सगळ्यात चांगला आकडा मनात धरून बसणं ही नेहमीची चूक. त्या दिवशी प्रश्नही सोयीचे पडलेले असतात. शेवटच्या दोन मॉकची सरासरी धरा.

मॉक कोणाची?

स्कोअरचा अंदाज बांधायला जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्याच मॉक घ्या. पॉवरप्रेपच्या दोन फुकट मिळतात आणि पॉवरप्रेप प्लसच्या तीन विकत. ईटीएस आपले प्रश्न आधी खऱ्या परीक्षार्थींवर तपासून त्यांची काठिण्यपातळी ठरवते, म्हणून ऑक्टोबरमधले 160 आणि मार्चमधले 160 एकाच तोलाचे राहतात. खासगी कंपन्यांकडे ही माहिती नसते. त्यांच्या मॉकमध्ये बरोबर उत्तरांवरून स्कोअर काढायचं कोष्टक अंदाजानेच बनवलेलं असतं. त्या मॉक जरूर द्या, पण चुका शोधायला आणि वेळ सांभाळायची सवय व्हायला. त्यांचा स्कोअर वहीत लिहूच नका.

22 सप्टेंबर 2023 च्या आधीच्या मॉक तर बाजूलाच ठेवा. तेव्हा प्रत्येक सेक्शनला 20 प्रश्न असायचे. आता व्हर्बलला 18 मिनिटांत 12 आणि 23 मिनिटांत 15, तर क्वांटला 21 मिनिटांत 12 आणि 26 मिनिटांत 15 प्रश्न असतात. प्रश्न कमी झाल्यामुळे एकेक चूक पूर्वीपेक्षा जड जाते.

आकडा फुगतो कसा?

सगळ्यात जास्त नुकसान मध्येच थांबल्याने होतं. परीक्षा सेक्शननुसार बदलते, म्हणजे पहिला सेक्शन कसा गेला त्यावर दुसरा सोपा येणार की कठीण हे ठरतं. क्वांटच्या पहिल्या सेक्शनला मॉक थांबवून चहा घेतला, ताज्या डोक्याने दोन प्रश्न जास्त सोडवले, तर पुढचा सेक्शनही वेगळा येतो. खऱ्या परीक्षेत तुम्ही त्या वाटेने गेलाच नसता. मग तो सगळा स्कोअरच दुसऱ्या कोणाचा तरी होतो.

निबंध गाळणं हेही तसंच. सुरुवातीची 30 मिनिटं टाइप करून झाल्यावरच पुढचे चार सेक्शन येतात आणि मध्ये सुट्टी नसते. पूर्ण 1 तास 58 मिनिटं एका बैठकीत, ज्या वेळेचा स्लॉट आहे त्याच वेळी द्या. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचाच वापरा, मोबाइलचा नको. घरून परीक्षा देणार असाल तर साधा कागद चालत नाही. मॉकलाही पुसता येणारा छोटा व्हाइटबोर्ड घ्या, कारण पुसण्यात जाणारा वेळही हिशेबात यायला हवा.

फुकटच्या मॉक पुन्हा देता येतात, पण प्रश्न तेच असतात. शिवाय हे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या पीडीएफमध्ये सर्रास फिरतात. उतारा वाचताना ‘हे कुठेतरी पाहिलंय’ असं दोन-तीनदा वाटलं तर त्या मॉकवरून अंदाज बांधू नका.

केव्हा द्यायच्या?

तयारीच्या पहिल्याच आठवड्यात ईटीएसची मॉक खर्ची घालू नका. कच्चे विषय शोधायला सरावाचे इतर प्रश्न पुरतात. अभ्यासक्रम एकदा हातावेगळा झाला की पहिली मॉक द्या. त्यानंतर दोन मॉकमध्ये किमान आठवडाभराचं अंतर ठेवा आणि त्यात चुकलेला प्रत्येक प्रश्न पुन्हा सोडवा. शेवटची मॉक परीक्षेच्या 8 ते 10 दिवस आधी. तारीख बदलायची तर ती परीक्षेच्या किमान 4 दिवस आधी बदलावी लागते, नाहीतर फी बुडते. त्यामुळे निर्णयाला एवढा अवकाश लागतोच.

सरासरी तुमच्या लक्ष्यापेक्षा 4 पेक्षा जास्त गुणांनी कमी असेल तर तारीख पुढे ढकला. फरक त्याच्या आत असेल तर परीक्षा द्या. 21 दिवसांनी पुन्हा बसता येतं आणि कुठल्या तारखेचा स्कोअर पाठवायचा हेही तुमच्याच हातात असतं. गुणपत्रक यायला 8 ते 10 दिवस लागतात. म्हणून 15 डिसेंबरची मुदत असलेल्या विद्यापीठासाठी पहिली परीक्षा 10 नोव्हेंबरच्या आत उरकली, तरच दुसऱ्या प्रयत्नाला जागा राहते.