क्ष-किरण लेसरच्या चुंबकांची पार्श्वभूमी

दोन भागांमधली फट भरण्यासाठी घातल्या जाणाऱ्या पातळ पत्रीला नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या टूलरूममध्ये ‘शिम’ म्हणतात. क्ष-किरण लेसरच्या चुंबकरांगांमध्येही शिम लागते, फक्त तिथे ती चुंबकीय क्षेत्रातली सूक्ष्म चूक भरून काढते.

या रांगेला अंड्युलेटर म्हणतात. उत्तर-दक्षिण ध्रुव आलटून पालटून मांडले की प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणारा इलेक्ट्रॉन नागमोडी चालतो आणि प्रारण सोडतो. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ गिन्झबर्ग यांनी ही कल्पना 1947 मध्ये मांडली आणि हान्स मोट्झ यांनी 1953 च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये ती प्रयोगाने दाखवली. तिथेच जॉन मेडी यांनी 1971 मध्ये मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरचा, म्हणजे अणूत न अडकलेल्या इलेक्ट्रॉनांच्या झोतातून लेसर प्रकाश मिळवण्याचा, सिद्धांत मांडला. 1977 मध्ये चाललेल्या त्यांच्या लेसरमध्ये अतिसंवाहक तारेचे मळसूत्री वेटोळे होते.

क्ष-किरणांना मात्र लेसरच्या पोकळीसाठी, म्हणजे प्रकाश पुन्हा पुन्हा मागेपुढे फिरवून वाढवण्यासाठी, सोयीचे आरसे नव्हते. म्हणून एकाच फेरीत प्रकाश वाढवायचा, हा मार्ग कोंद्रातेन्को व साल्दिन यांनी 1980 मध्ये आणि बोनिफाचिओ, पेलेग्रिनी व नार्दुच्ची यांनी 1984 मध्ये मांडला. त्याची किंमत लांबीत मोजावी लागते: रांग शंभर मीटरच्या घरात जाते आणि तेवढ्या अंतरात इलेक्ट्रॉन व प्रकाश यांची लय सुटता कामा नये.

खरी वाट मोकळी केली ती, माझ्या मते, बर्कलीच्या क्लाउस हालबाख यांनी. ध्रुव जवळजवळ आणावेत तसतशी वेटोळ्यांतून पुरेसा प्रवाह नेण्यास जागा उरत नाही. कायम चुंबकाला ही अडचण नसते. 1980 च्या सुमारास त्यांनी सॅमेरियम-कोबाल्टच्या ठोकळ्यांची रचना केली, पुढे त्यात लोखंडी ध्रुवांची जोड दिली. पण कोणतेही दोन ठोकळे तंतोतंत सारखे नसतात, म्हणून ते मोजून, जोड्या लावून, शेवटी शिम घालून रांग सुधारावी लागते. त्यातच निओडिमियम चुंबकाची ताकद तापमानाच्या दर अंशामागे साधारण हजारांशाने घटते, आणि क्षेत्रातली चूक दहा हजारांत एक-दोन भागांवर रोखायची असते. नाशिकच्या एप्रिलमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये हे काम जमणार नाही.

कॅलिफोर्नियातील एलसीएलएस हा क्ष-किरण लेसर एप्रिल 2009 मध्ये 1.5 अँगस्ट्रॉम (मीटरचा दहा अब्जांशावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) तरंगलांबीवर चालू झाला. त्याच्या 33 अंड्युलेटरांचे ध्रुव किंचित तिरके ठेवले होते, त्यामुळे अंड्युलेटर आडवा सरकवून क्षेत्र जुळवता येई. जपानच्या साक्ला या क्ष-किरण लेसरने 2011 मध्ये 18 मिलिमीटर आवर्तनाचे (ध्रुवांची मांडणी दर 18 मिलिमीटरला पुन्हा येणारे) चुंबक थेट निर्वात नळीत बसवले. हॅम्बर्गजवळचा युरोपीय लेसर 2017 मध्ये सुरू झाला. एलसीएलएसच्या नव्या आवृत्तीत अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेच्या अभियंत्यांनी अंड्युलेटरचे समोरासमोरचे चुंबकी जबडे आडवे केले आणि त्यांच्यातले काही टनांचे आकर्षण स्प्रिंगांनी तोलले.

नाशिकहून आग्रा रस्त्याने गाठता येणाऱ्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातही इंडस-2 या इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या कड्यावर अंड्युलेटर आहेत. तिथला मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर अवरक्त पट्ट्यातला आहे. त्या तरंगलांबीला आरसे चालतात, त्यामुळे शंभर मीटरच्या रांगेची गरज पडत नाही.