फेडर आपोआप हलतो त्यामागची गोष्ट

अंधेरीतल्या एखाद्या स्टुडिओत नवीन पोरगं असिस्टंट म्हणून लागलं, की डिजिटल कन्सोलपुढे, म्हणजे आवाज मिसळायच्या टेबलापुढे, त्याला पहिली तंबी मिळते ती ऑटोमेशनच्या बटणांची. फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती दांडी, आणि तिच्या हालचाली लक्षात ठेवून आपोआप पुन्हा करणं म्हणजे ऑटोमेशन. ‘रीड’वर (साठवलेली हालचाल नुसती वाजवणं) राहू दे, ‘राइट’ला (जुनी पुसून नवी लिहिणं) हात लावू नकोस, ‘टच’ आणि ‘ट्रिम’चं नंतर बघू. पोरगं मान डोलावतं आणि आठवड्याभरात कधीतरी राइट चालू ठेवून अख्खं गाणं वाजवतंच. मीही वाजवलं होतं. सकाळपासून खपून बसवलेला बॅलन्स, म्हणजे आवाजांचा आपसातला तोल, चार मिनिटांत सपाट. सीनिअर दादा काही बोलले नाहीत, फक्त चहा सांगितला. ते जास्त लागलं.

ही बटणं कुणी एका बैठकीत ठरवलेली नाहीत. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकामागे एकेक जुनी डोकेदुखी आहे.

फेडरला स्वतःची स्मरणशक्ती नव्हती तेव्हा ती रेकॉर्डिस्टच्या बोटांत असायची. परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई सिनेमांचं मिक्सिंग करायचे, त्याला आपल्याकडे री-रेकॉर्डिंग म्हणतात. समोर पडद्यावर चित्र, मागे चुंबकीय फिल्मवर संवाद, संगीत आणि इफेक्टच्या वेगवेगळ्या पट्ट्या, आणि हाताखाली फेडर. 35 मिलिमीटरचं 1,000 फुटांचं रीळ सुमारे 11 मिनिटं चालतं. म्हणजे अडीच तासांच्या सिनेमाला 14 रिळं लागली. जुन्या पद्धतीत रीळ सुरू केलं की ते शेवटपर्यंत न्यायचं. नवव्या मिनिटाला दाराचा आवाज संवादावर चढला, तर पुन्हा पहिल्या फुटापासून. पुढे चित्र आणि आवाज एकत्र मागे-पुढे नेऊन चुकलेल्या जागीच रेकॉर्डिंग उचलता यायला लागलं, तेव्हा कुठे श्वास मिळाला. तरी कुठल्या फुटावर कुठला फेडर किती, हे कागदावर आणि डोक्यातच.

गाण्यांच्या बाजूला अडचण निराळी होती. गायक आणि वादक एकत्र बसून वाजवायचे, तोवर बॅलन्स त्या खोलीतच व्हायचा. 1970 च्या दशकात परदेशातल्या स्टुडिओंमध्ये 16 आणि 24 ट्रॅकची, म्हणजे एकाच टेपवर तितके आवाज वेगवेगळे ठेवणारी टेपयंत्रं रुळली आणि हात कमी पडू लागले. मिक्सच्या वेळी कन्सोलवर चार-चार माणसं ओणवी. एकाकडे ड्रम, एकाकडे कोरस, तिसऱ्याचं काम एवढंच, की दुसऱ्या कडव्याआधी एक बटण दाबायचं. फेडरखाली पांढरी टेप, टेपवर पेन्सिलच्या खुणा. सगळं जमलं आणि शेवटच्या ओळीत तिसरा डुलकला, की पहिल्यापासून.

ऑटोमेशनचा पहिला उपाय आला तो व्हीसीए, म्हणजे व्होल्टेज कंट्रोल्ड अॅम्प्लिफायर. यात आवाज फेडरमधून जातच नाही. फेडर फक्त एक विद्युतदाब ठरवतो आणि तो दाब आवाजाची पातळी कमी-जास्त करतो. दाब म्हणजे शेवटी आकडा, आणि आकडा साठवता येतो. पण साठवायचा कुठे? सुरुवातीच्या यंत्रणांनी तो टेपच्याच एका ट्रॅकवर लिहिला. दुरुस्ती करायची तर एका ट्रॅकवरून जुना आकडा वाचायचा आणि बदल मिसळून दुसऱ्यावर लिहायचा. 24 पैकी दोन ट्रॅक यातच गेले. शिवाय प्रत्येक फेरीत आकडे थोडे उशिरा लिहिले जात. पाच-सात दुरुस्त्या झाल्या की फेडरची हालचाल गाण्याच्या मागे रेंगाळायची. म्हणजे जितकी दुरुस्ती, तितका बिघाड. टेपवर एका ट्रॅकवर नुसता टाइमकोड (टेप कुठल्या क्षणाला आहे हे सांगणारी खूण) ठेवायचा आणि आकडे संगणकात, ही सोय आल्यावर हा घोळ मिटला.

दुसरा घोळ मात्र राहिला आणि मला तो जास्त मजेशीर वाटतो. व्हीसीएच्या कन्सोलवर फेडर जिथे सोडला तिथेच बसून राहायचा आणि आवाज मात्र स्मृतीप्रमाणे वर-खाली व्हायचा. डोळ्यांना एक दिसतंय, कानांना भलतंच ऐकू येतंय. अशा वेळी हात घालायचा तर आधी फेडर सरकवत सरकवत साठवलेल्या पातळीशी जुळवायचा. त्यासाठी फेडरशेजारी बारीक दिवे असत, ते सांगत की अजून वर जा किंवा खाली ये. जुळवायच्या आत ताबा घेतला तर आवाज उडी मारायचा. यातूनच नुसती भर-वजाबाकी करण्याची रीत आली. फेडर शून्यावर ठेवायचा, मूळ हालचाल तशीच चालू द्यायची आणि तिच्यावर दोन डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) चढवायचे किंवा उतरवायचे. आजचं ट्रिम ते हेच.

मग कन्सोल बनवणाऱ्या नीव्ह कंपनीने फेडरलाच मोटर बसवली. त्यांची नेकॅम यंत्रणा 1977 च्या सुमारास बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या लंडनच्या एअर स्टुडिओत लागली. आता आवाज जाईल तिथे फेडरही जाणार. टेप सुरू केली की सगळे फेडर अंगात आल्यासारखे हलायला लागतात. पहिल्यांदा बघणारा अजूनही हात मागे घेतो. पण त्यातून नवा प्रश्न आला: मोटर एकीकडे ओढतेय आणि माणूस दुसरीकडे, तर ऐकायचं कुणाचं? उत्तर निघालं माणसाचं, पण बोट टेकलं असेल तोवरच. हेच टच. बोट उचललं की फेडर जुन्या वाटेला लागतो, आणि ‘लॅच’ नावाच्या दुसऱ्या पर्यायात सोडला तिथेच थांबतो. हल्लीचे फेडर हा स्पर्श बोटाच्या विद्युत गुणावरून ओळखतात. म्हणून पेन्सिलच्या टोकाने फेडर ढकलणाऱ्याला कन्सोल दाद देत नाही, उलट मोटर झटापट करते. बोटाने सरकवा, लगेच ऐकतो.

एसएसएल या दुसऱ्या कन्सोल कंपनीने 1981 मध्ये ‘टोटल रिकॉल’ आणलं. नाव भारदस्त, पण ती यंत्रणा सगळ्या बटणांच्या जागा फक्त लक्षात ठेवायची आणि पडद्यावर दाखवायची. फिरवायचं काम माणसाचंच.

डिजिटल कन्सोलने हा हिशेबच उलटा केला. अॅनालॉगमध्ये प्रत्येक आठवणीला पैसे पडत, फेडरला मोटर हवी किंवा व्हीसीए. म्हणून ऑटोमेशन बहुतेक फेडर आणि म्यूटपुरतं (आवाज बंद करायचं बटण) राहिलं. डिजिटलमध्ये इक्यू (आवाजाचा पोत), पॅन (डावी-उजवी जागा), रिव्हर्बकडे (घुमारा) जाणारी पातळी हे सगळं मुळातच आकडे आहेत, ते लक्षात ठेवायला वेगळं काही लागत नाही. यामाहाचा आठ चॅनलचा डीएमपी7 हा 1987 मध्ये मोटरच्या फेडरसकट आला. 1995 मध्ये आलेल्या 02आर ने ही चैन मध्यम स्टुडिओंच्या आवाक्यात आणली. त्याच दशकात थिएटरं डॉल्बी झाली, म्हणजे आवाज चहूबाजूंनी यायला लागला. विसर्जन मिरवणुकीतली भिंतीएवढी डॉल्बी नव्हे, सिनेमागृहातली. पडद्यावरची रिक्षा मागच्या कोपऱ्यातून पुढे आणायची, तर तो प्रवासही फ्रेममागून फ्रेम लक्षात ठेवावा लागतो. कानामागून आलेलं ऑटोमेशन इथे तिखट झालं.

मी आता स्टुडिओपेक्षा नाटकांच्या कन्सोलवर जास्त बसतो आणि तिथे टाइमकोडचा उपयोग नाही. शिवाजी मंदिरला हशा आला की नट थांबतो, कधी दोन सेकंद, कधी सात. वेळेला बांधलेली हालचाल नाटकात आपटते. म्हणून तिथे दुसऱ्या जातीचं ऑटोमेशन चालतं, सीन मेमरी. प्रवेशागणिक कन्सोलचा एक फोटो काढून ठेवायचा आणि वाक्य पडलं की बटण दाबायचं. फेडर एकदम नव्या जागी. पण नटाचा गळा फोटोतल्यासारखा रोज नसतो. रविवारी दुपारचा प्रयोग झाला की रात्रीच्या प्रयोगाला तोच आवाज बसलेला असतो. फेडर तीन-चार डेसिबल वर घ्यावा तर पुढचा सीन दाबताच तो बिचारा जुन्या जागी खाली येतो. यासाठी ‘रिकॉल सेफ’ असतं. तेवढा चॅनल सेफ केला की सीन बदलले तरी त्याला कुणी हात लावत नाही.

रात्री साडेआठचा प्रयोग असला की तिसरी घंटा व्हायच्या आत माझा असिस्टंट विचारतो, “दादा, कुणाला सेफ करायचंय?” मी मेकअप रूममध्ये जाऊन सगळ्यांशी दोन-दोन वाक्यं बोलून येतो आणि मग त्याला चॅनलचे आकडे सांगतो.