अजून एक हंगाम निघेल का? एनबीएतल्या वयस्कर संघांची पार्श्वभूमी

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि त्याआधीचे काही आठवडे अंदाजांचे असतात. सराव शिबिरं भरतात, मोजके सराव सामने होतात, सट्टेबाजारात प्रत्येक संघाच्या विजयांचा आकडा लागतो, लीगच्या संकेतस्थळावर सगळ्या संघांच्या जनरल मॅनेजरांचा कौल येतो. तरुण संघाला या दिवसांत बरीच सवलत मिळते. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी. पण ज्या संघाचे मुख्य खेळाडू पस्तिशीला टेकलेत, त्याच्यासाठी पुढच्या वर्षाची भाषा कुणी करत नाही. त्याच्याबद्दल एकच विचारलं जातं: यांच्या अंगातून अजून एक हंगाम निघेल का?

उत्तर शोधताना लोक आधी सरासरी वय बघतात. मला तो आकडा फार उपयोगाचा वाटत नाही. जुन्या हंगामांकडे पाहिलं तर निकाल ठरला तो वेगळ्याच गोष्टीवर: म्हाताऱ्या खांद्यांवरचं ओझं उचलायला दुसरं कुणी तयार होतं का. आणखी एक फरक त्यातूनच निघतो. काही संघ एकत्र खेळता खेळता म्हातारे होतात, तर काही संघ म्हातारपणी एकत्र आणले जातात.

या चर्चेचा मूळपुरुष म्हणजे १९६८-६९ चा बॉस्टन सेल्टिक्स. बिल रसेल तेव्हा खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. हंगाम संपताना तो ३५ वर्षांचा होता, सॅम जोन्सही ३५ चा, आणि जोन्सचं ते शेवटचं वर्ष होतं. त्या हंगामाआधीच्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस लेकर्सनी विल्ट चेंबरलेनला आणलं होतं. जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर त्यांच्याकडे आधीपासूनच होते. साखळीत बॉस्टनचे ४८ विजय आणि ३४ पराभव झाले आणि ईस्टर्न डिव्हिजनमध्ये संघ चौथा आला, म्हणजे प्लेऑफच्या (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या) शेवटच्या जागेवर. तिथून त्यांनी फिलाडेल्फियाला हरवलं, न्यू यॉर्कला हरवलं आणि अंतिम मालिकेत (आधी चार सामने जिंकेल तो विजेता) लेकर्ससमोर उभे राहिले. पहिले दोन सामने हरले. चौथ्या सामन्यात अखेरच्या क्षणी जोन्सचा तोल गेलेला असतानाही त्याचा फटका बास्केटमध्ये पडला आणि बॉस्टन ८९-८८ असं जिंकलं. सातवा सामना लॉस एंजेलिसमध्ये होता. लेकर्सच्या मालकांनी विजयानंतर सोडायचे म्हणून छताला हजारो फुगे बांधून ठेवले होते. ते फुगे तिथेच राहिले. सेल्टिक्स १०८-१०६ नं जिंकले. रसेलचं १३ हंगामांतलं हे ११ वं विजेतेपद.

या कथेत रसेलचं नाव मोठं असणं साहजिक आहे. बचावाचा सगळा भार शेवटपर्यंत त्यानंच वाहिला. पण धावायचं आणि गुण करायचं काम जॉन हॅवलिचेककडे गेलं होतं, आणि तो २९ चा होता. अंदाज करणाऱ्यांनी रसेल आणि जोन्सचं वय पाहिलं, हॅवलिचेकचं पाहिलं नाही. रसेल आणि जोन्स गेल्यावर पुढच्या वर्षी संघ ३४-४८ वर घसरला हे खरं, पण १९७० मध्ये डेव्ह कावेन्स हा तरुण खेळाडू आला आणि १९७४ व १९७६ मध्ये बॉस्टन पुन्हा विजेता झाला. दोन्ही वेळी हॅवलिचेक संघात होता.

त्याच शहरात पुढे याची उलट बाजूही दिसली, आणि ती आठवली की आजही वाईट वाटतं. लॅरी बर्ड, केव्हिन मॅकहेल आणि रॉबर्ट पॅरिश यांच्या संघानं १९८६ मध्ये विजेतेपद मिळवलं. शिवाय त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमानं निवडतात त्या प्रक्रियेत, बॉस्टनकडे दुसरा क्रमांक होता. १७ जूनला त्यांनी मेरीलंड विद्यापीठाच्या लेन बायसला निवडलं. १९ जूनला कोकेनमुळे बायसचा मृत्यू झाला. ज्याच्या खांद्यावर पुढची दहा वर्षं टाकायची होती तो मुलगा दोन दिवसांत गेला. १९८७ मध्ये मॅकहेल पायाचं हाड मोडलेलं असताना खेळत राहिला. संघ अंतिम मालिकेत पोचला आणि लेकर्सकडून हरला. १९८८-८९ मध्ये टाचांच्या शस्त्रक्रियेमुळे बर्डला फक्त ६ सामने खेळता आले. पाठीचं दुखणंही होतंच; दर ऑक्टोबरला ‘बर्डची पाठ बरी असेल तर’ अशी अट घालून अंदाज बांधले जात. १९९२ मध्ये बर्ड निवृत्त झाला. नंतर संघाची सूत्रं ज्याच्याकडे आली त्या रेजी लुईसचा १९९३ च्या जुलैत हृदयविकारानं मृत्यू झाला. १९८७ नंतर अंतिम मालिका पाहायला बॉस्टनला २००८ साल उजाडावं लागलं. संघ म्हातारा झाला म्हणून संपला असं सहज म्हटलं जातं. माझ्या मते तो वारस गेल्यामुळे संपला.

शिकागो बुल्सचा १९९७-९८ चा हंगाम या चौकटीत नीट बसत नाही. तिथे ओझं कुणी वाटून घेतलंच नाही. स्कॉटी पिपेन पायाच्या शस्त्रक्रियेमुळे जानेवारीपर्यंत बाहेर होता, डेनिस रॉडमन ३६ चा, आणि मायकेल जॉर्डन वयाच्या पस्तिशीत सगळेच्या सगळे ८२ सामने खेळला. ६२ विजय आणि विजेतेपद. पण प्रशिक्षक फिल जॅक्सनचं हे शेवटचं वर्ष हे आधीच जाहीर झालं होतं, आणि पुढे संघ पांगला. मालक-खेळाडू वादातल्या टाळेबंदीमुळे ५० सामन्यांच्या झालेल्या पुढच्या हंगामात बुल्सचा हिशेब होता १३ विजय आणि ३७ पराभव. जॉर्डनला अपवाद मानून बाजूला ठेवायला हवं. वयस्कर संघाचे चाहते दरवर्षी त्याचा दाखला देतात, पण तसा खेळाडू दुसऱ्या कुठल्या संघाकडे नसतो.

म्हातारपणी एकत्र आणलेल्या संघांची यादी लांब आहे आणि त्यांच्याबद्दलच्या हंगामपूर्व अपेक्षा बहुधा सगळ्यांत मोठ्या असतात. कारण सोपं आहे: नावं ओळखीची असतात. २००३ मध्ये लेकर्सनी शकील ओनील आणि कोबी ब्रायंटच्या जोडीला कार्ल मलोन आणि गॅरी पेटन आणले. दोघंही विजेतेपदासाठी कमी पगारावर आले होते. पहिल्या २१ पैकी १८ सामने जिंकल्यावर वाटलं, आता प्रश्नच नाही. डिसेंबरमध्ये चाळिशीतल्या मलोनचा गुडघा दुखावला आणि तो हंगामात ४२ सामनेच खेळू शकला. अंतिम मालिकेत डेट्रॉईटनं त्यांना ४-१ असं हरवलं.

२०१३ चं ब्रुकलिन नेट्सचं उदाहरण याहून बोलकं आहे. मालक मिखाईल प्रोखोरोव्ह यांना विजेतेपदाची घाई होती. बॉस्टनकडून केव्हिन गार्नेट (३७), पॉल पियर्स (३५) आणि जेसन टेरी (३५) घेतले. बदल्यात २०१४, २०१६ आणि २०१८ च्या ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीतल्या निवडी दिल्या आणि २०१७ मध्ये निवड अदलाबदल करायचा हक्क दिला. प्रशिक्षक म्हणून नेमला जेसन किड, जो काही महिन्यांपूर्वीपर्यंत स्वतः खेळत होता. हंगामाआधी त्यांना गतविजेत्या मायामीचा प्रतिस्पर्धी म्हणून मांडलं गेलं. सुरुवात झाली १० विजय आणि २१ पराभवांनी. नंतर सावरून ते ४४-३८ पर्यंत आले आणि दुसऱ्या फेरीत त्याच मायामीकडून हरले. बॉस्टनला मात्र त्या निवडींतून जेलेन ब्राऊन आणि जेसन टेटम मिळाले. दोघांनी मिळून २०२४ मध्ये बॉस्टनला विजेतेपद मिळवून दिलं. वयस्कर संघ उभा करताना पुढचा काळ गहाण पडतो तो असा. ब्रुकलिननं खेळाडू आणले, पण त्यांचं ओझं वाहणारे तरुण मिळण्याची वाटच विकून टाकली.

लेकर्सनी ही चूक २००३ नंतर आणखी दोनदा केली. २०१२ मध्ये ३८ वर्षांचा स्टीव्ह नॅश आणि ड्वाइट हॉवर्ड आले. आठही सराव सामने हरले, हंगामाच्या पाचव्या सामन्यानंतर प्रशिक्षक माईक ब्राऊनला काढलं, आणि एप्रिलमध्ये कोबीच्या घोट्यामागची स्नायूशीर तुटली. २०२१ मध्ये लेब्रॉन जेम्सभोवती रसेल वेस्टब्रुक, कार्मेलो अँथनी, हॉवर्ड, रॉन्डो, अरिझा असे जुने मोहरे जमवले. सहाही सराव सामने हरले आणि हंगाम ३३-४९ वर संपला, प्लेऑफविना. सराव सामन्यांचे निकाल मनावर घेऊ नयेत असं म्हणतात. या दोन वेळी मात्र ते खरं बोलत होते.

२०११ चा डॅलस मॅव्हरिक्स मला विशेष जवळचा, कारण त्यानं वयाबद्दल काहीतरी शिकवलं. मागच्या चारपैकी तीन वर्षं हा संघ पहिल्याच फेरीत बाद झाला होता. २०१० च्या उन्हाळ्यात लेब्रॉन आणि ख्रिस बॉश मायामीत ड्वेन वेडकडे गेले, त्यामुळे डॅलसकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. डर्क नोवित्स्की ३२ चा, टेरी ३३ चा, शॉन मॅरियन ३३ चा होईतो हंगाम संपायचा, किड ३८ चा. पण वय सगळ्याच गोष्टी सारख्या हिरावत नाही. आधी पहिल्या पावलाची झेप जाते आणि सामन्यानंतर अंग लवकर मोकळं होत नाही. उंची जात नाही, नेम जात नाही, पास कधी द्यायचा ही समज तर वाढतच जाते. नोवित्स्कीचा एका पायावर मागे झुकून मारलेला फटका उडीवर अवलंबून नव्हताच. तरुणपणी नेमबाजीत कच्चा असलेला किड उतारवयात तीन गुणांचे फटके शिकला. आणि रिंगभोवतीचा दमवणारा बचाव २८ वर्षांच्या टायसन चँडलरकडे होता. लेकर्सना ४-० आणि मायामीला ४-२ असं हरवून डॅलस विजेता झाला.

सॅन अँटोनिओ स्पर्सबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. टिम डंकन १९९७ मध्ये ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला, मानू जिनोबिली १९९९ मध्ये ५७ वा, टोनी पार्कर २००१ मध्ये २८ वा. हे तिघं एकत्र म्हातारे झाले. २०११ मध्ये ६१ सामने जिंकून पश्चिम विभागात अव्वल राहिलेला हा संघ पहिल्या फेरीत आठव्या क्रमांकाच्या मेम्फिसकडून हरला, तेव्हा यांचं संपलं यावर जवळजवळ एकमत झालं होतं. त्यानंतर दोन महिने उलटायच्या आत ड्राफ्टच्या रात्री त्यांनी जॉर्ज हिल हा आवडता खेळाडू इंडियानाला दिला आणि कवाय लेनर्डला घेतलं. हंगामपूर्व अंदाजांत या व्यवहाराला जेवढं वजन द्यायला हवं होतं तेवढं दिलं गेलं नाही.

दुसरं काम प्रशिक्षक ग्रेग पॉपोविचनं केलं: मिनिटं वाचवली. मार्च २०१२ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्धच्या सामन्याच्या अधिकृत तक्त्यात डंकन न खेळल्याचं कारण ‘वय झालं’ असं छापून आलं. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला मायामीतल्या सामन्याआधी पॉपोविचनं डंकन, जिनोबिली, पार्कर आणि डॅनी ग्रीनला थेट घरी पाठवलं. आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी स्पर्सना अडीच लाख डॉलरचा दंड केला. चाहत्यांनी तिकिटं काढलेली असतात, त्यामुळे स्टर्न यांचा राग समजण्यासारखा होता; तरी संघाच्या दृष्टीनं पॉपोविच बरोबर होता असं मला वाटतं. लीगनं पुढे २०२३ मध्ये नामांकित खेळाडूंच्या विश्रांतीवर नियम आणले. त्यातही सलग दोन रात्रींच्या सामन्यांसाठी ३५ आणि त्यापुढच्या वयाच्या खेळाडूंना, आधी मंजुरी घेऊन, सूट ठेवली आहे.

२०१३ च्या अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात विजेतेपद हातातोंडाशी आलं असताना ५.२ सेकंद उरलेली असताना मायामीच्या रे अ‍ॅलननं तीन गुणांचा फटका मारून बरोबरी साधली, आणि स्पर्स तो सामना आणि मालिका दोन्ही हरले. सातव्या सामन्यात जवळचा फटका हुकल्यावर ३७ वर्षांच्या डंकननं जमिनीवर हात आपटला, ते दृश्य विसरता येत नाही. पुढच्या ऑक्टोबरमध्ये तोच संघ परत आला. त्या हंगामात स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत गेली नाही. एनबीएत हे कधी झालं नव्हतं. ६२ विजय झाले, आणि अंतिम मालिकेत मायामीला ४-१ असं हरवलं. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला २२ वर्षांचा लेनर्ड.

डंकन आणखी दोन वर्षं खेळला, दरवर्षी थोडा कमी. २०१६ च्या जुलैत, ४० व्या वर्षी, तो निवृत्त झाला. त्याच्याशिवायच्या पहिल्या हंगामात स्पर्सनी ६१ सामने जिंकले.