बँडचे फोटो काढून घ्यायचेत? आधी लाईटवाल्याशी बोला

लाइव्ह संगीताच्या छायाचित्रणासाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचा स्टुडिओ पुण्यातला, माणसं मोजकी आणि काम बरंचसं रात्रीचं. कॉलेजचे फ्युजन बँड, पबमध्ये वाजवणारे रॉक आणि मेटलवाले, गझलेच्या मैफली, जुन्या गाण्यांचे ऑर्केस्ट्रा, गणपतीत ढोल-ताशा पथकं, लग्नसराईत ब्रास बँड. बुकिंगसाठी फोन आला की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: कॅमेरा कुठला वापरता? उत्तर आम्ही देतोच. पण फोटो कसे येणार हे ठरतं स्टेजवर उजेड किती आणि कुठल्या रंगाचा आहे यावर, आणि तो ठरवणं बरंचसं तुमच्या हातात असतं. म्हणून हे पत्रक. बुकिंगआधी वाचा आणि तुमच्या ड्रमरलाही वाचायला द्या. का, ते पुढे येईलच.

फ्लॅश का नाही?

स्टेजवर आम्ही फ्लॅश मारत नाही. त्याने वाजवणाऱ्याचे डोळे दिपतात, पुढच्या रांगेतले प्रेक्षक वैतागतात आणि लाईटवाल्याने मेहनतीने उभं केलेलं वातावरण क्षणात पांढरंफटक होऊन जातं. त्याऐवजी आम्ही भरपूर उजेड आत घेणाऱ्या एफ 1.8 ते 2.8 च्या लेन्स वापरतो आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, 3200 ते 6400 वर ठेवतो, अगदीच अंधार असला तर 12800. गाणारा माणूस स्पष्ट यायचा तर शटर फार तर 1/250 सेकंद उघडं राहावं, ड्रमरसाठी त्याहूनही कमी. या आकड्यांवर फोटोत थोडे कण दिसतात. मोबाईलवर बोटांनी मोठं करून पाहिलं तर जास्तच दिसतात, पोस्टरवर छापल्यावर फारसे जाणवत नाहीत. कण पूर्ण पुसून चेहरे मेणाचे करून देण्याची मागणी कधीकधी येते. ते आम्ही करत नाही.

याला अपवाद रस्त्यावरच्या वरातीचा. तिथे उजेड फक्त डोक्यावर घेतलेल्या रोषणाईच्या दिव्यांचा असतो, म्हणून ब्रास बँडच्या मास्तरांना विचारून हलका फ्लॅश वापरतो.

लाल रंग

या पत्रकातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा. लाल, गडद निळा आणि जांभळा हे रंग प्रेक्षकांतून झकास दिसतात, फोटोत मात्र छळतात. एलईडीचा लाल प्रकाश अगदी अरुंद पट्ट्यातला असतो. तो कॅमेऱ्याच्या फक्त लाल बिंदूंवर उमटतो, हिरवे आणि निळे बिंदू जवळजवळ रिकामे राहतात. परिणाम असा की नाक, गाल, कपाळ सगळं मिळून एकच सपाट लाल डाग होतो, त्यात भाव म्हणून काही उरत नाही. आम्ही रॉ फाईलवर (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) काढतो, एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेवतो, म्हणजे फोटो थोडा काळसर घेतो, तरी अशा कित्येक फोटोंना शेवटी कृष्णधवल करण्यावाचून गत्यंतर नसतं. मेटलच्या बँडना ते शोभतंही. भावगीतांच्या कार्यक्रमात मात्र आयोजक विचारतात, रंग कुठे गेले?

उपाय सोपा आहे आणि त्याला खर्चही येत नाही. लाईटवाल्याला सांगा की समोरून, दोन्ही बाजूंनी साधारण 45 अंशांतून, पिवळसर पांढरे दोन पार (स्टेजवरचे डब्यासारखे दिवे) हलकेच चालू ठेव. सगळा वेळ नको, निदान तीन गाणी तरी. ती कुठली हे आम्हाला आधी सांगा. मागून लाल-निळं काय हवं ते खुशाल असू द्या, उलट त्याने केसांना आणि गिटारच्या कडांना छान रेघ मिळते.

आणि ड्रमर. छोट्या जागांत तो मागे बसलेला, समोर झांजांचं जंगल, डोक्यावर एकही दिवा नाही. कार्यक्रम झाल्यावर 'माझा एकही फोटो नाही?' असं तो विचारतो, आणि त्याचं बरोबर असतं. त्याच्यावर बाजूने एक दिवा लावून घ्या.

आडवे पट्टे कुठून येतात

स्वस्त एलईडी दिवे मंद करताना प्रत्यक्षात अतिशय वेगाने बंद-चालू होत असतात. डोळ्यांना कळत नाही, जलद शटरला कळतं, आणि फोटोवर काळसर आडवे पट्टे उमटतात. साध्या ट्यूबलाईटचंही तसंच: आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. तिथे शटर 1/100 वर आणलं की पट्टे जातात, पण तबलजीचे हात पुसट होतात. दोन्ही एकदम मिळत नाही, म्हणून अशा हॉलमध्ये आम्ही तासभर आधी येऊन चाचणी घेतो. मागे एलईडीची भिंत, म्हणजे चित्रं दाखवणारा मोठा पडदा, लावणार असाल तर तिची झळाळी निम्म्याखाली ठेवायला सांगा, नाहीतर पुढचे कलाकार काळ्या सावल्या होतात. लेझर असेल तर आधीच कळवा. थेट लेन्समध्ये शिरलेला लेझर कॅमेऱ्याचा सेन्सर जाळू शकतो.

धूर हवा, पण पातळ आणि सगळीकडे सारखा पसरलेला. वातानुकूलित छोट्या खोलीत जाड धुराचे लोट सोडले की सगळं दुधाळ दिसतं.

बैठकीची मैफल

इथे अडचण आवाजाची. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, खयालाच्या आलापात शटरचा खट् आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जातो. शटर बिनआवाजी ठेवता येतं, पण नेमकं तेव्हाच एलईडीखाली पट्टे येण्याची शक्यता वाढते. म्हणून गायनाच्या कार्यक्रमाला जुने हॅलोजन मिळत असतील तर तेच लावा, असा आमचा आग्रह असतो. आलाप चालू असताना आम्ही जागा बदलत नाही. द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू झाली, तबला रंगला की विंगेतून हालचाल करतो. बसून गाणाऱ्याच्या तोंडासमोर मायक्रोफोन येतो, त्यामुळे समोरून काढलेल्या फोटोत हनुवटी आणि ओठ गायब होतात. साऊंडवाल्याची हरकत नसेल तर माईक दोन बोटं खाली घ्यावा, नसेल जमत तर आम्ही बाजूने काढतो.

पुण्यात 1953 पासून चालत आलेल्या शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व महोत्सवामुळे इथल्या श्रोत्यांची नजरही तयार आहे. छायाचित्रकार सतीश पाकणीकर यांनी टिपलेले गवई आणि वादक पाहिलेल्या माणसाला नुसता उघडा आ दाखवून भागत नाही. त्याला तानेआधीचा श्वास, स्वरमंडलावरची बोटं, साथीदाराकडे टाकलेला कटाक्ष हवा असतो. आम्हालाही तोच हवा असतो, म्हणून मैफलीत फोटो कमी काढतो.

ढोल-ताशा पथकांसाठी एवढंच: पांढरे झब्बे आणि डोक्यावरचं ऊन हा कॅमेऱ्याला जड जाणारा मेळ आहे. मुख्य फोटो सकाळी लवकर किंवा चारनंतर घेऊ. टिपरूची, म्हणजे ढोल वाजवायच्या काठीची, हालचाल दिसावी म्हणून काही फोटो मुद्दाम मंद शटरवर काढलेले असतील. ते हललेले नाहीत.

आम्हाला काय सांगाल

गाण्यांचा क्रम द्या, आणि सोलो कुठे, पाहुणा कलाकार कधी येणार, शेवटी कोण उडी मारणार, हे त्यावर पेनाने लिहा. साऊंडचेकला बोलवा. घाम येण्याआधीचे, शांत चेहऱ्यांचे फोटो तेव्हाच मिळतात आणि पोस्टरला तेच लागतात. मोकळ्या मैदानावर कार्यक्रम असेल तर डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. नंतरची वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं असतं, आणि तेवढ्यात बँडचा एकत्र फोटो उरकावा. ध्वनिक्षेपक रात्री 10 ला बंद करावा लागतो, त्यामुळे शेवटची दोन गाणी घाईत होतात. ज्या गाण्याचा फोटो हवाच आहे ते शेवटी ठेवू नका.

मोठ्या फेस्टिव्हलमध्ये स्टेजपुढच्या जागेत पहिली तीनच गाणी आणि फ्लॅशशिवाय, असा नियम सर्रास असतो. तुम्ही मोठ्या नावाच्या आधी वाजवणार असाल तर आमचा पास आयोजकांकडून आधीच लिहून घ्या. दारावर वाद घालण्यात पहिलं गाणं संपतं.

फोटो आणि हक्क

दोन तासांच्या कार्यक्रमाचे निवडून, रंग सुधारून 60 ते 80 फोटो आठवड्याभरात मिळतात. काढलेले सगळे आणि रॉ फाईल देत नाही. फोटो लिंकवरून उतरवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साध्या फोटोसारखे पाठवले की आकार दाबला जातो आणि मग छापखान्याची तक्रार येते. ए3 पोस्टरला 300 डीपीआयने (इंचाला 300 बिंदू) साधारण 3500 बाय 4960 पिक्सेल लागतात.

हक्कांबाबत लोक गोंधळतात. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17 नुसार पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सांगणारा असतो. म्हणजे बुकिंग पबने केलं असेल तर मालक पब, बँड नव्हे! अल्बमच्या मुखपृष्ठावर तो फोटो हवा असेल तर बँडने पबकडून लेखी परवानगी घ्यावी, किंवा बुकिंगच्या वेळीच आमच्या करारात दोघांची नावं घालावीत. छायाचित्रकार म्हणून नाव लागण्याचा आमचा हक्क कलम 57 खाली वेगळा राहतो. आमच्या नमुना कामात फोटो दाखवायला हरकत असेल तर करारातली ती ओळ खोडा, आम्ही वाईट वाटून घेत नाही.

निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली फोटो मिळाल्यावर. पावसामुळे किंवा परवानगी न मिळाल्यामुळे कार्यक्रम पुढे गेला तर आगाऊ रक्कम नव्या तारखेला वळती होते. कार्यक्रम रद्दच झाला आणि आम्ही जागेवर पोचलो नसलो तर प्रवासाचा झालेला खर्च वजा करून बाकी परत.