पार्श्वभूमी : दाराआडचं आत्मपरीक्षण उघड्यावर कसं आलं

दहा दिवस मौन पाळून विपश्यनेहून परतलेला कुणी ना कुणी आता मुंबईत जवळजवळ प्रत्येकाच्या ओळखीत असतो. ही ध्यानपद्धती शिकवणारे सत्यनारायण गोएंका यांनी भारतातलं आपलं पहिलं शिबिर घेतलं तेही याच शहरात, जुलै १९६९ मध्ये. पण मुंबईकरांनी स्वतःच्या मनाची झडती घेण्याची गोष्ट त्याहून शंभरेक वर्षं जुनी आहे, आणि ती दाराला कडी लावून सुरू झाली.

१८४९ मध्ये व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. बैठका गुप्त असत. जातिभेद मानणार नाही, अशी शपथ घ्यायची आणि ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. त्या काळी याला मोठी छाती लागे. मात्र घरी कळता कामा नये! १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली आणि सभा विखुरली. मनाला पटलेलं चारचौघांत कबूल करता आलं नाही, तर ते एका कागदाच्या चोरीनेही मोडतं.

३१ मार्च १८६७ रोजी दादोबांचेच भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज ही धर्म आणि समाज सुधारू पाहणारी संस्था स्थापन झाली. या वेळी सगळं उघडपणे झालं. १८७४ मध्ये गिरगावात मंदिर उभं राहिलं. उपासनेत तुकोबांचे अभंग आले. 'तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुला चि वाद आपणांसी' असं म्हणणारे तुकोबा या इंग्रजी शिकलेल्या मंडळींना घरचेच वाटले, यात नवल नाही.

याच मंडळींतले न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारली, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. टीका झाली, आणि ती रास्तच होती. मग त्यांनी या मुलीला, रमाबाईंना, स्वतः शिकवलं. रमाबाई पुढे स्त्रियांच्या कामात उभ्या राहिल्या आणि १९१० मध्ये त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. पहाटे अभंग म्हणणारे रानडे त्यांत भेटतात. त्या पहाटे तुकोबा म्हणतात तो स्वतःशीच वाद किती कठोर चालत असेल, हे वाचताना मनात येतंच. शिकवण्याने चूक पुसली गेली, असं मी म्हणणार नाही. पण चूक तिथेच सोडून ते पुढे निघून गेले नाहीत.

प्रार्थना समाजाने १८७६ मध्ये कामगारांसाठी रात्रशाळा काढली. १९०६ मध्ये समाजाचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे यांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी परळला शाळा सुरू केली. गिरगावाहून परळ काही फार लांब नाही. पण दाराआड घेतलेल्या त्या शपथेपासून या शाळेपर्यंत यायला ५७ वर्षं लागली.