घाटावरचं घड्याळ: पोगाचार–विंगेगार्ड तुलनेची पार्श्वभूमी

फ्रान्सच्या पिरेनीज डोंगरांमधला प्लातो द बेयचा घाट १५.८ किलोमीटरचा, सरासरी ७.९ टक्के चढाचा. १४ जुलै २०२४ रोजी ‘टूर द फ्रान्स’ या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीत स्लोव्हेनियाच्या टाडे पोगाचारने तो चाळीस मिनिटांच्या किंचित आत संपवला. डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड त्याच्यामागून १ मिनिट ८ सेकंदांनी आला. या घाटावरचा जुना विक्रम १९९८ चा, साडेत्रेचाळीस मिनिटांच्या आसपासचा होता. त्या दिवशी तो दोघांनीही मोडला. संध्याकाळपर्यंत दोघांचे ‘वॉट प्रति किलो’, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे पायांनी लावलेल्या ताकदीचे आकडे, जगभर फिरत होते, आणि २०२१ पासून चाललेल्या ‘दोघांत सरस कोण’ या वादाचा निकाल लागला असं पुष्कळांनी धरून टाकलं. त्या दिवसाच्या टप्प्याचा निकाल लागला होता, हे खरं. पण वादाचा निकाल ज्या आकड्यावर लावला गेला, त्याचा इतिहास बराच गुंतागुंतीचा आहे.

आकडे नव्हते तेव्हा तुलना डोळ्यांनी व्हायची. १२ जुलै १९६४ ला याच टूरमध्ये प्यू द दोमच्या चढावर आंकेतील आणि पुलिदोर हे दोन फ्रेंच स्वार खांद्याला खांदा घासत चढले. शेवटी पुलिदोर निसटला, त्याने ४२ सेकंद मिळवले, आंकेतीलची एकूण वेळेतली आघाडी ५६ सेकंदांवरून १४ वर आली. पुढे पॅरिसच्या टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या टप्प्यात) आंकेतीलने हिशेब चुकता केला आणि शर्यत ५५ सेकंदांनी जिंकली. चढात पुलिदोर, घड्याळाविरुद्ध आंकेतील, अशी वाटणी झाली आणि फ्रान्समध्ये दोन तट पडले. आंकेतील त्याच वर्षी इटलीची तीन आठवड्यांची शर्यत जिंकून आला होता. ती दमणूक त्या चढावर किती सेकंदांची धरायची? याचं उत्तर तेव्हाही नव्हतं. आपल्याकडे मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. तोही मान पहिला कोण आला एवढंच सांगायचा, किती वेळात आला हे नाही.

ऐंशीच्या दशकात एका जर्मन अभियंत्याने सायकलवर बसणारा पॉवर मीटर बनवला. पेडलवर किती वॉट पडताहेत हे त्यामुळे प्रथमच रस्त्यावर दिसू लागलं, पण ते आकडे संघाच्या कुलपात राहायचे. बाहेरच्या माणसाला हाताशी धरता येईल असं माप इटलीतल्या एका डॉक्टरने दिलं. इटालियन नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘व्हॅम’ म्हणतात. आपण त्याला सरासरी चढगती म्हणू: एका तासात किती मीटर उंची मिळवली. त्यावरून वॉट प्रति किलो काढायचं सूत्रही सोपं आहे. चढाची टक्केवारी दहाने गुणायची, त्यात २०० मिळवायचे आणि येईल त्या संख्येने चढगतीला भागायचं. प्लातो द बेयवर सुमारे १,२५० मीटर उंची आहे. चाळीस मिनिटं धरली तर चढगती तासाला १,८७५ मीटर होते. २७९ ने भागा, उत्तर ६.७ च्या आसपास येतं. त्या संध्याकाळी मात्र त्याहून चढे, सातला टेकणारे अंदाज फिरत होते. घाट एक, घड्याळ एक, माणूस एक, आणि उत्तरं वेगवेगळी.

या मापाचा जन्म विसरता येत नाही. तो डॉक्टर आपल्या खेळाडूंची तयारी त्यावर तपासत असे, आणि २०१२ मध्ये उत्तेजकांच्या प्रकरणात त्याच्यावर आजन्म बंदी आली. पुढे हेच हत्यार उलट्या हाताने वापरलं गेलं. एका फ्रेंच प्रशिक्षकाने जुन्या शर्यतींचे घाटांवरचे वेळ घेऊन सत्तर किलोच्या एका कल्पित स्वाराचे वॉट काढले आणि तीन रेषा आखल्या. ४१० च्या वर संशयास्पद, ४३० च्या वर चमत्कार, ४५० च्या वर माणसाबाहेरचं. सत्तरने भागलं तर वरची रेषा साधारण ६.४ वॉट प्रति किलोवर येते. २०२४ ची प्लातो द बेयवरची कामगिरी या रेषेच्या खूप वर आहे. त्यामुळे आज एकच आकडा दोन कामांना जुंपला जातो. कोणी त्यावरून श्रेष्ठ कोण ते ठरवतो, कोणी त्यावरूनच संशय घेतो.

दोन्ही कामांसाठी तो आकडा जेवढा पक्का हवा तेवढा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘वॉट प्रति किलो’ हे एक नाव तीन वेगळ्या गोष्टींना चिकटलं आहे. सायकलवरच्या मीटरने मोजलेला आकडा ही एक. चढाला लागलेल्या वेळावरून बाहेरच्याने बांधलेला अंदाज ही दुसरी. सत्तर किलोच्या कल्पित स्वारावर बसवलेला आकडा ही तिसरी. वाद घालणारे एकाचा मोजलेला आकडा दुसऱ्याच्या अंदाजाशेजारी ठेवतात. वर सहा मिनिटांचा चढ आणि चाळीस मिनिटांचा चढ यांचीही सरमिसळ होते.

वेळ तरी एक असते का? आल्प द्युएझ पाहा. एकवीस वळणांचा हा घाट कुणाच्या हिशेबात १३.८ किलोमीटरचा, कुणाच्या साडेचौदाचा. २००४ ला तिथे टाइम ट्रायल झाली ती साडेपंधरा किलोमीटरची होती. घड्याळ कोणत्या खांबापाशी सुरू केलं यावर नव्वदच्या दशकातले विक्रम मिनिटाने इकडचे तिकडे होतात, आणि त्यावर तीस वर्षं भांडण चालू आहे.

मग वारा. चाळीस मिनिटांत पावणेसोळा किलोमीटर म्हणजे ताशी जवळपास चोवीस किलोमीटर. या वेगाला चढातसुद्धा हवा कापावी लागते आणि पुढच्याच्या चाकामागे बसणाऱ्याचे वॉट वाचतात. प्लातो द बेयवर माथा साडेदहा किलोमीटरवर असताना विंगेगार्डने हल्ला केला. पोगाचार लगेच त्याच्या चाकाला लागला आणि जवळपास अर्ध्या वाटेपर्यंत तिथेच राहिला. शेवटच्या साडेपाच किलोमीटरमध्ये तो पुढे निघाला. म्हणजे ज्याने आधी वारा खाल्ला तो दुसरा आला. वेळावरून बांधलेल्या अंदाजात हे धड उतरत नाही.

वजनाची गोष्ट तर बहुतेक जण सोडूनच देतात. विंगेगार्ड साठच्या आसपास, पोगाचार सहासष्टच्या आसपास. सायकल मात्र नियमाने ६.८ किलोच्या खाली नेता येत नाही. हलक्या स्वाराला ती आपल्या वजनाच्या ११.३ टक्के पडते, जड स्वाराला १०.३ टक्के. त्यामुळे दोघांनी प्रति किलो अगदी सारखे वॉट लावले, तरी चाळीस मिनिटांच्या घाटात जड स्वार वीसेक सेकंद आधी पोहोचेल. चढ म्हणजे हलक्या माणसाचं राज्य, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण आकडे सारखे असतील तर गणित थोडं उलटं बोलतं. सपाट रस्त्यावर तर किलोने भागायचा प्रश्नच नसतो, तिथे एकूण वॉट बोलतात. मार्च–एप्रिलच्या एकदिवसीय शर्यतींत पोगाचार जिंकतो आणि विंगेगार्ड फारसा दिसत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता या दोघांचा प्रवास. १९ सप्टेंबर २०२० ला टूरमध्ये प्लान्श दे बेल फीयच्या टाइम ट्रायलमध्ये पोगाचारने आपल्याच देशातल्या, नऊ वर्षांनी मोठ्या प्रतिस्पर्ध्याची ५७ सेकंदांची आघाडी पुसून शर्यत जिंकली तेव्हा तो बावीसचाही नव्हता. २०२१ ला तो ५ मिनिटं २० सेकंदांनी जिंकला. दुसरा आलेला विंगेगार्ड तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नव्हता. पण त्याच वर्षी व्हाँतू डोंगराच्या दुसऱ्या चढावर त्याने पोगाचारला मागे टाकलं होतं. उतारावर पोगाचारने त्याला गाठलं, त्यामुळे निकालपत्रात त्या क्षणाची खूण उरली नाही. मला या वादाची सुरुवात तिथेच दिसते.

२०२२ ला विंगेगार्डच्या संघाने तो धागा उचलला. आल्प्समधल्या गालिबिए घाटाच्या वाटेवर त्या संघाचे दोन प्रमुख स्वार आळीपाळीने हल्ले करत राहिले आणि पोगाचार प्रत्येक हल्ल्यामागे स्वतः धावला. शेवटचा ग्रानोंचा चढ २,४१३ मीटर उंचीवर संपतो. तिथे त्याने विंगेगार्डला २ मिनिटं ५१ सेकंद गमावले. ताज्या पायांनी पोगाचार एका घाटात एवढं गमावेल असं कोणी म्हणणार नाही. ग्रानोंवर हरला तो तीन घाटांनंतर उरलेला पोगाचार. अडीच-तीन हजार किलोज्यूल ऊर्जा खर्चून झाल्यावर पायांत काय शिल्लक राहतं, याला प्रशिक्षक टिकाऊपणा म्हणतात. तीन आठवड्यांच्या शर्यतीत स्वारांची तुलना करायची तर पहिलं माप हेच हवं, आणि बाहेरच्या माणसाला मोजायला सगळ्यात अवघड तेच.

२०२३ ला फरक ७ मिनिटं २९ सेकंदांचा झाला, विंगेगार्डच्या बाजूने. पासी ते कोंब्लू या २२.४ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये त्याने १ मिनिट ३८ सेकंद मिळवले. आकडे इतके चढे दिसत होते की मीटर बिघडला की काय अशी शंका वाटेत आली, असं त्याने नंतर सांगितलं. दुसऱ्याच दिवशी कोल द ला लोझवर पोगाचारने आपण संपलो असं रेडिओवर कळवलं आणि ५ मिनिटं ४५ सेकंद गमावले. एप्रिलमध्ये त्याचं मनगट मोडलं होतं आणि तयारीचे आठवडे वाया गेले होते, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. दोन हजार मीटरच्या वर पोगाचार ढेपाळतो, हे मत याच दोन वर्षांत रुजलं. पुढच्याच वर्षी गालिबिएवरून पहिला उतरून आणि २,८०२ मीटरच्या बोनेतनंतर इसोला २००० वर जिंकून त्याने ते मत मोडीत काढलं.

२०२४ ची तुलना मला सर्वांत जास्त खटकते. ४ एप्रिलला बास्क प्रांतातल्या शर्यतीत एका उतारावर विंगेगार्ड पडला. गळपट्टीचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. बारा दिवस तो रुग्णालयात होता. त्यानंतरची त्याची पहिली शर्यत थेट २९ जूनला फ्लॉरेन्सहून सुटलेली टूर. अशा माणसाने अकराव्या टप्प्यात ल लिओराँला पोगाचारला अंतिम रेषेवर हरवलं, पंधराव्या टप्प्यात १९९८ चा विक्रम मोडला, आणि तरी तो ६ मिनिटं १७ सेकंदांनी मागे राहिला. पोगाचारचं त्या वर्षीचं यश निर्विवाद आहे. इटलीची शर्यत ९ मिनिटं ५६ सेकंदांनी जिंकून तो आला होता, आणि एकाच वर्षी इटलीची शर्यत आणि टूर दोन्ही जिंकणं १९९८ नंतर कोणाला जमलं नव्हतं. पण त्या उन्हाळ्यातल्या फरकाला दोघांच्या क्षमतेतला फरक म्हणणं मला पटत नाही. रुग्णालयातले बारा दिवस आणि बुडालेला सराव कोणत्याच सूत्रात बसत नाहीत.

त्याच जुलैमध्ये दोघांच्याही संघांनी उंचीवरच्या सरावात कार्बन मोनॉक्साइडचं उपकरण वापरल्याचं मान्य केलं. रक्तातलं एकूण हिमोग्लोबिन मोजण्यासाठी हा वायू थोड्या मात्रेत हुंगवतात. तोच पुन्हा पुन्हा घेतला तर शरीर जास्त हिमोग्लोबिन बनवू शकतं, म्हणून वाद पेटला. सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने फेब्रुवारी २०२५ पासून वारंवार हुंगण्यावर बंदी घातली, वैद्यकीय देखरेखीखालचं मोजमाप चालू ठेवलं. मोजणं आणि वाढवणं यांत रेष ओढणं गरजेचं होतं आणि ती ओढली गेली, हे बरंच झालं. दोघांपैकी कोणीही उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्याचं जाहीर झालेलं नाही. खाणंही बदललं आहे. तासाला १२० ग्रॅमपर्यंत कार्बोहायड्रेट घेणं आता नेहमीचं झालं आहे. १९९८ च्या वेळाशेजारी २०२४ ची वेळ ठेवताना हा घासही मोजायला हवा.

२०२५ च्या टूरला विंगेगार्ड धडधाकट होता. ओताकामच्या घाटावर पोगाचारने त्याच्यावर २ मिनिटं १० सेकंद मिळवले, दुसऱ्या दिवशी पेरागूदच्या १०.९ किलोमीटरच्या डोंगरी टाइम ट्रायलमध्ये आणखी ३६. शर्यत ४ मिनिटं २४ सेकंदांनी संपली. स्पेनची शर्यत त्यानंतर विंगेगार्डने जिंकली. पोगाचार त्या शर्यतीत नव्हता.

त्या जुलैत शर्यत पुन्हा कोल द ला लोझवर गेली, या वेळी कुर्शवेलच्या अंगाने, सव्वीस किलोमीटरची चढण. दोन वर्षांपूर्वी पोगाचार याच माथ्याच्या पलीकडच्या अंगाने चढताना कोसळला होता. या वेळी टप्पा एका ऑस्ट्रेलियन स्वाराने जिंकला. पोगाचार दुसरा आला, विंगेगार्ड तिसरा. दोघांत ९ सेकंदांचं अंतर होतं.