संदेश पाठवला कोणी, मिळाला कोणाला?

“आमचे संदेश एन्क्रिप्टेड असतात, मग काळजी कसली?” हे आम्हाला वारंवार ऐकायला मिळतं. एन्क्रिप्शनमुळे मजकूर परक्या नजरेपासून झाकला जातो. पण उद्या समोरच्याने “ही ऑर्डर आम्ही दिलीच नव्हती” म्हणून कानांवर हात ठेवले, तर त्याचा उपयोग नाही. दोघांकडे एकच सामायिक की (म्हणजे संदेश कुलूपबंद करण्याची आणि उघडण्याची डिजिटल किल्ली) असेल, तर संदेश दोघांपैकी कोणीही तयार केलेला असू शकतो. तिसऱ्याने कोणाचं खरं मानायचं?

यासाठी डिजिटल सही हवी. आधी मजकुराचा ठसा, म्हणजे हॅश, काढतात. एसएचए-256 पद्धतीत तो 64 अंक-अक्षरांचा दिसतो. ऑर्डरमधल्या 500 नगांचे 5000 केले, तर वाढलं एकच शून्य, पण ठसा पार बदलतो. पाठवणारा खासगी कीने या ठशावर सही करतो. ती की फक्त त्याच्याकडे असते. सही तपासणं मात्र त्याची सार्वजनिक की, म्हणजे खासगी कीची सर्वांना देता येणारी जोडीदार, असलेल्या कोणालाही जमतं.

खरी ओढाताण होते ती दुसऱ्या टोकाला: “आम्हाला मिळालंच नाही.” मेल सर्व्हरने ‘पोचलं’ म्हटलं, तरी ते सर्व्हरपुरतंच. म्हणून आम्ही सही असलेल्या पोचपावतीचा आग्रह धरतो. एएस2 या कंपन्यांमध्ये व्यवहाराच्या फाइली इंटरनेटवरून पाठवण्याच्या पद्धतीत समोरची यंत्रणा मिळालेल्या मजकुराचा ठसा स्वतः नव्याने काढते, पोचपावतीत घालते आणि तिच्यावर आपली सही करते. तो तुमच्याकडच्या ठशाशी जुळला, की नेमका तोच मजकूर पोचला. तो कोणी वाचला का, हे मात्र त्यातून कळत नाही.

सही कधी झाली होती हे दाखवायला वेळेचा शिक्का त्रयस्थ सेवेकडून घ्यावा. तिला फक्त ठसा जातो, मजकूर नाही.

आता तुमच्याकडचं काम. एकच की अख्ख्या ऑफिसने वापरली, तर सही कोणाची हे ठरवता येणार नाही. प्रत्येकाची की वेगळी ठेवा. संदेश, सही, प्रमाणपत्र (सार्वजनिक की कोणाची आहे हे सांगणारी फाइल) आणि पोचपावती मूळ फाइलींतच जपा. प्रिंटवरून सही तपासता येत नाही, आणि फाइल दुसऱ्या स्वरूपात सेव्ह केली तरी ठसा जुळत नाही. की चोरीला गेल्याची नुसती शंका आली, तरी खात्री होईपर्यंत थांबू नका, लगेच कळवा. आम्ही प्रमाणपत्र रद्द करण्याची कार्यवाही सुरू करू. त्याआधीच्या ज्या सह्यांवर वेळेचा शिक्का आहे, त्या चोरीच्या आधीच्या आहेत हे तेव्हा दाखवता येतं.